नाळ असलेला मासा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात ‘पिल्लं देणारे मासे दाखवा’ म्हटलं की चार नावं ठरलेली: गप्पी, मोली, प्लॅटी, स्वॉर्डटेल. चौघंही एकाच घराण्यातले. गप्पी तर डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून नगरपालिकाच डबक्यांत आणि टाक्यांत सोडतात, त्यामुळे घरात मासे न पाळणाऱ्यालाही तो ओळखीचा. पिल्लं देणाऱ्या माशांचं आणखी एक घराणं मात्र दुकानात सहसा दिसत नाही. रंगाला बेताचं, वाढीला संथ, दुकानदाराला न परवडणारं. त्याचं नाव गुडीड. युरोप-अमेरिकेतल्या काही चिवट हौशी मंडळींनी ते घरच्या टाक्यांत वर्षानुवर्षं जपलं. त्यातल्या एकदोन जातींची मूळ नदीतली वस्ती संपली तेव्हा त्यांचा जगातला पत्ता म्हणजे काचेची पेटी, एवढाच उरला होता.

हे घराणं मूळचं मध्य मेक्सिकोच्या पठारावरचं. तिथले झरे, तळी आणि डोंगराळ नद्या ज्वालामुखींनी एकमेकांपासून तोडलेल्या. त्यामुळे एकेका खोऱ्यात एकेक वेगळी जात घडली, आणि काहींचा सगळा संसार एखाददुसऱ्या झऱ्यात मावणारा राहिला. मेक्सिको शहराच्या आसपासच्या तळ्यांतल्या अशाच एका माशाचं वर्णन मिगेल बुस्तामांते या मेक्सिकन अभ्यासकाने 1837 साली केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावातच ‘जिवंत पिल्लं देणारा’ असा शब्द घातला. घराण्याला आज जे नाव आहे ते मात्र नंतरचं. ग्वानाह्वातो प्रांतातल्या लेओन इथून आल्फ्रेदो द्युजेस यांनी मिळवलेल्या माशांवरून डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी 1880 मध्ये ‘गुडिया’ ही प्रजाती मांडली. ते नाव अमेरिकेतले मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन गुड यांच्यावरून. पुढे कार्ल हब्ज आणि सी. एल. टर्नर यांनी 1939 मध्ये सगळ्या घराण्याची नव्याने मांडणी केली. त्यांचा मुख्य आधार माशांच्या पोटातल्या गर्भाचा होता, आणि खरी गंमत तिथेच आहे.

गप्पीची पिल्लं आईच्या पोटात वाढतात खरी, पण बहुतांशी अंड्यातल्या बलकावरच. आई जागा देते, अन्न फारसं नाही. गुडीडच्या अंड्यात बलक अगदी थोडा. तो लवकर संपतो आणि मग गर्भाच्या गुदद्वारापासून नाजूक फितींसारखे धागे फुटतात. ते अंडाशयातल्या द्रवात पसरतात आणि आईकडून आलेलं पोषण शोषून घेतात. नाळेचंच काम, पण जागा बेंबीची नाही आणि आईच्या शरीराला प्रत्यक्ष जोडही नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा हे धागे त्याच्या पोटाखाली लोंबत असतात. टाकीच्या काचेला डोळा लावून पाहिलं तर पांढुरक्या दोऱ्यांचा छोटा झुपका पिल्लाबरोबर ओढला जाताना दिसतो. थोड्याच वेळात तो आक्रसून नाहीसा होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पिल्लाचं आतडं बाहेर आलं.

कोकण किनाऱ्यावरच्या कोळणीला मात्र याचं फार नवल वाटू नये. आपल्या बाजारात येणाऱ्या लहान, चपट्या नाकाच्या मुशीची पिल्लंही आईच्या पोटात खऱ्याखुऱ्या नाळेवर वाढतात. कापताना पोटात पिल्लं निघतात हे तिच्या रोजच्या बघण्यातलं. फरक इतकाच की मुशी पडली समुद्रातली, आणि हा बोटभर मासा दोन फुटी टाकीत पिल्लं देतो.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने गप्पी आणि गुडीडमधला याहून मोठा फरक नराचा. गप्पीच्या नराचा गुदपर लांबट होऊन नळीसारखं काम करतो. गुडीडच्या नराच्या त्याच पराला पुढच्या बाजूला एक खाच असते. नर-मादी ओळखण्याची ती सोपी खूण. गप्पीची मादी एकदा नराजवळ गेली की ते बीज साठवून ठेवते आणि पुढची अनेक बाळंतपणं त्यावर काढते. म्हणून पिशवीत एकटी मादी आणली तरी चार महिन्यांत टाकी भरते. गुडीडच्या मादीला ही साठवण जमत नाही. दर खेपेला नर हवा, आणि गर्भ साधारण दीड-दोन महिने पोटात राहतो. वेत लहान, पण पिल्लं दांडगी. एकच जोडी आणून भागत नाही. गट ठेवावा लागतो, जागा मोकळी द्यावी लागते, नाहीतर माजलेले नर एकमेकांचे पर फाडतात. शेवाळ, उकडलेला वाटाणा असं हिरवं अन्न अनेक जातींना लागतं. हे मासे पठारावरचे असल्यामुळे हिवाळ्यात पाणी थंड होऊ दिलेलं त्यांना मानवतं. जाणकार मुद्दाम हीटर लावत नाहीत, कारण बारा महिने ऊबदार पाण्यात माद्या लागोपाठ पिल्लं देऊन खंगतात.

या घराण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट एका गावाभोवती फिरते. हालिस्को प्रांतातलं तेउचित्लान, तेकिला ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिथल्या झऱ्यांतून आणि छोट्या नदीतून रॉबर्ट रश मिलर आणि जॉन फिट्झसिमन्स यांनी 1971 मध्ये ‘आमेका स्प्लेंडेन्स’चं वर्णन केलं. नराच्या अंगावर चकाकते खवले, शेपटीच्या कडेला पिवळा पट्टा आणि त्याच्या आत काळा. गुडीडमध्ये दुकानाच्या तोलाचा असा हाच एक मासा. त्याच नदीतली ‘स्किफिया फ्रान्सेसी’ 1978 मध्ये नोंदली गेली. ते नाव फ्रान्सेस मिलर यांच्यावरून: कार्ल हब्ज यांची मुलगी आणि रॉबर्ट मिलर यांची बायको. एका कुटुंबाने माशांच्या एका कुळाला आयुष्यं वाहिली, त्याची ही नोंद. तिसरा ‘झूगोनेटिकस तेकिला’, शेपटीवर केशरी चंद्रकोर असलेला. त्याचं शास्त्रीय वर्णन 1998 मध्ये झालं, आणि तोवर नदीतून तो गेल्यातच जमा होता. झऱ्यांना बांध पडले, नाहण्याची ठिकाणं झाली, घाण पाणी आलं, बाहेरचे मासे आले. स्किफियाचंही तेच झालं.

मात्र या तिन्ही जाती टाक्यांत होत्या. कशा राहिल्या, याचं उत्तर हौशी मंडळींच्या एका कंटाळवाण्या शिस्तीत आहे. गप्पीचं हौसेचं जग लांब शेपट्या आणि भडक रंग निवडण्यावर चालतं. गुडीडवाले नेमकं ते टाळतात. सुंदर नर निवडायचा नाही, दोन झऱ्यांचे मासे एका टाकीत मिसळायचे नाहीत, आणि माशाच्या नावापुढे त्याच्या गावाचं नाव लिहायचं, आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागतं तसं. हा सोवळेपणा वाटतो, पण त्याचा उपयोग 2016 मध्ये दिसला. तांबूस शेपटीचा ‘झेनोटोका’ वर्षानुवर्षं एकच जात म्हणून पाळला जात होता. अभ्यासकांनी तपासल्यावर त्यातून आणखी दोन जाती वेगळ्या निघाल्या. ज्यांच्या चिठ्ठीवर गाव होतं त्यांनी नुसतं नाव बदललं. ज्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती त्यांचे मासे कुठल्याच कामाचे उरले नाहीत.

1998 मध्ये इव्हान डिबल या इंग्रज हौशी पाळणाऱ्याने ‘झूगोनेटिकस तेकिला’च्या पाच जोड्या मोरेलियातल्या मिचोआकान विद्यापीठात पोहोचवल्या. त्या दहा माशांचा वंश ओमार दोमिंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा वर्षं वाढवला. पाठीशी इंग्लंडमधलं चेस्टर प्राणिसंग्रहालय होतं. पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढलेल्या माशाला शिकारी पक्षी, परजीवी, अन्नाची शोधाशोध यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून आधी विद्यापीठाच्या कृत्रिम तळ्यांत चाळीस नर आणि चाळीस माद्या सोडल्या. चार वर्षांत त्यांची संख्या सुमारे 10,000 झाली. मग त्यांतले 1,500 हून अधिक तेउचित्लानच्या झऱ्यांत सोडले, आणि तिथे ते टिकले, वाढले. नोव्हेंबर 2022 मध्ये, मृतांच्या सणाच्या सुमारास, स्किफियाही त्याच गावी परतली.

या कथेत खलनायकही पिल्लं देणाराच मासा आहे. मेक्सिकोच्या पाण्यात माणसांनी पोहोचवलेला आपला परिचित गप्पी तिथल्या स्किफियाच्या एका जातीच्या माद्यांमागे हात धुऊन लागतो, हे वालेरो, मासियास गार्सिया आणि मॅगुरन यांनी 2008 मध्ये दाखवलं. संकर होत नाही, पण माद्यांना चरायला आणि विसावायला स्वस्थता उरत नाही. एका गाभण गप्पी मादीला नवी वस्ती वसवायला नरही लागत नाही, हे वर आलंच आहे.

तेव्हा घरच्या टाकीत पिल्लं जास्त झाली की जवळच्या ओढ्यात किंवा विहिरीत सोडून मोकळे होऊ नका. दुकानदाराला परत द्या, कुणा पाळणाऱ्याला द्या. आणि कधी गुडीड हाती आलेच, तर आधी विचारा ते कुठल्या गावचे. उत्तर मिळालं तर ते टाकीवर लिहून ठेवा. नाही मिळालं तर मासे खुशाल पाळा, फक्त त्यांची पिल्लं अस्सल म्हणून पुढे देऊ नका.