यवतमाळ जिल्ह्यातील आर्थिक विविधीकरण

कापूस आणि खनिजे यांवरील अवलंबन कमी करून उत्पन्नाचे इतर मार्ग उभे करण्याचे यवतमाळ जिल्ह्यातील प्रयत्न. पश्चिम विदर्भातील या जिल्ह्यात १६ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती.

पार्श्वभूमी : काळ्या जमिनीतील कोरडवाहू कापूस हे येथील मुख्य नगदी पीक. वणी परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसाखाणी व चुनखडीचे साठे आहेत. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वे ब्रिटिश कंपनीने कापूस बाहेर नेण्यासाठीच टाकली. रुईच्या गाठी आणि कोळसा आजही मोठ्या प्रमाणावर बाहेर जातात. पुढच्या प्रक्रियेतला नफाही त्यांच्याबरोबर जातो. पाऊस हुकला, बोंडअळी आली किंवा भाव पडले, की कर्जबाजारी शेतकऱ्याला दुसरा आधार उरत नाही. शेतकरी आत्महत्यांमागील हे एक प्रमुख कारण आहे.

उपाय : प्रक्रिया उद्योगांत जिनिंग-प्रेसिंग, सूतगिरण्या व लोहारा औद्योगिक वसाहतीतील डेनिम कापडाचा कारखाना येतात. झरी जामणी तालुक्यात मुकुटबन येथे २०२२ मध्ये सिमेंट कारखाना सुरू झाला. शेतीत कापसासोबत तूर व सोयाबीन रुळले. पूस व पैनगंगा नद्यांच्या ओलिताखालील पट्ट्यात ऊस, हळद होते. बेंबळा, अरुणावती हे सिंचन प्रकल्प ओलित वाढवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. टिपेश्वर अभयारण्यातील वाघांमुळे पांढरकवडा परिसरात पर्यटनाला वाव मिळाला. दळणवळणात वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला.

मूल्यमापन : शेतकरी आत्महत्याग्रस्त विदर्भासाठीच्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये (सहा जिल्हे, ३,७५० कोटी रुपये) दुधाळ जनावरांचे वाटप होते. चारा, पाणी व दूध संकलनाची सोय नसलेल्या गावांत ती पोसणे अनेकांना जड गेले. जोडधंदा टिकायचा तर आधी पाणी आणि बाजारपेठ हवी, हा त्याचा धडा. कारखाने उभे राहूनही कापूस पिकवणारा कच्चा मालच विकतो. त्यामुळे सरकी, सूत व कापडाच्या नफ्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थांमार्फत त्याला वाटा मिळणे अत्यावश्यक आहे. कोळसा संपणारा आहे. म्हणून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित गावांतील पाणी, शिक्षण व कौशल्यांवर खाणी चालू असतानाच खर्च व्हायला हवा. नव्या उद्योगांचे यश त्यांच्या संख्येपेक्षा कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि कोलाम-गोंड आदिवासी कुटुंबांच्या वाढलेल्या मिळकतीवरून मोजणे योग्य ठरते.