तरंगलांबीचा पत्ता : आष्टीची वार्ता, काँग्रेस रेडिओ आणि श्रवणाचा अधिकार

प्रस्तावना :

परगावी गेलेल्या मनुष्याजवळ रेडिओ संच असला, तरी तेवढ्याने त्याला त्या गावचे प्रक्षेपण ऐकू येत नाही. स्थानिक केंद्र कोणत्या लहरीवर आणि कोणत्या वेळी बोलते, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटतो. परंतु तो आकडा ठरवतो कोण, तो जाहीर करतो कोण आणि त्या आकड्यावर काय ऐकावे याची परवानगी कोण देतो, हे प्रश्न उपस्थित झाले की विषय तंत्रज्ञानाच्या कक्षेतून निघून राजकीय इतिहासाच्या कक्षेत येतो. वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे ऑगस्ट १९४२ मध्ये घडलेल्या घटना आणि त्यांची वार्ता देणारा मुंबईचा गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ यांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

छापील पत्ता :

भारतातील नियमित नभोवाणीचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. हे केंद्र ३५७.१ मीटरवर बोलत असे. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती आणि त्याचा परिणामकारक टप्पा सुमारे तीस मैलांचा मानला जाई. रेल्वेमार्गाने मुंबईपासून सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर असलेल्या वर्ध्याला या केंद्राचा नित्य उपयोग होणे शक्य नव्हते. १९३० मध्ये ही कंपनी बंद पडली, प्रक्षेपण सरकारच्या हाती आले आणि ८ जून १९३६ पासून या व्यवस्थेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्यानंतर मुख्य अभियंता सी. डब्ल्यू. गॉयडर यांच्या योजनेनुसार लघुलहरींवरील प्रक्षेपण सुरू झाले. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. त्यामुळे मध्य प्रांत-वऱ्हाडातील श्रोताही दिल्ली-मुंबईच्या कक्षेत आला.

मात्र मध्यमलहरींवरील केंद्र एकदा सापडले की ते त्याच जागी राहते, तसे लघुलहरींचे नसते. दिवस-रात्र आणि ऋतू यांनुसार उपयुक्त लहर बदलते. त्यामुळे श्रोत्याला वेळ आणि मीटर दोन्ही पाहून काटा फिरवावा लागे. त्यासाठी ‘द इंडियन लिसनर’ या सरकारी नियतकालिकात कार्यक्रमांबरोबर तरंगलांबीही छापल्या जात. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय संघराज्यात नभोवाणीची सहाच केंद्रे होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. मध्य प्रांतात एकही नव्हते. म्हणजेच १९४२ मध्ये वर्ध्यातील श्रोत्याला ‘स्थानिक’ असे केंद्रच नव्हते. घरी बसूनही तो एका अर्थाने प्रवासीच होता, कारण त्याला नेहमी दूरच्या गावाचा आकडा शोधावा लागे.

परवान्याची चौकट :

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणेचा विशेषाधिकार सरकारकडे ठेवला होता. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियमाने त्यापुढचे पाऊल टाकले. बिनतारी उपकरण परवान्याविना केवळ जवळ बाळगणे हाही या कायद्याने गुन्हा ठरला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, कायद्याने प्रक्षेपक आणि ग्राहक संच या दोहोंवर नियंत्रण आणले. बोलणाऱ्याप्रमाणेच ऐकणाराही परवानाधारक असला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांची यंत्रे जमा करण्याचे आदेश निघाले. १९४२ च्या प्रारंभी तर सुभाषचंद्र बोस यांचा आवाज जर्मनीहून ऐकू येऊ लागला होता. रेडिओचा काटा कोणत्या आकड्यावर थांबतो, ही बाब राज्यकर्त्यांच्या दृष्टीने आता संशयाची झाली.

वर्धा, आष्टी आणि बातमीबंदी :

काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी ब्रिटिश सत्तेने भारत सोडावा, अशी मागणी करणारा ठराव संमत केला, तो वर्ध्यातच. ८ ऑगस्टला मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्यास मान्यता दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. गांधीजींचे ‘हरिजन’ त्याच महिन्यात बंद पडले.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातील तत्कालीन आर्वी तहसिलीतील आष्टी येथे लोकांचा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले आणि संतप्त जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथेही उठाव झाला. या दोन्ही गावांच्या जागृतीमागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती. २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली. उठावानंतर दोन्ही गावांवर दडपशाहीचे सत्र सुरू झाले आणि चिमूर येथील स्त्रियांवरील अत्याचारांच्या वार्तांनी विदर्भ हादरला. मात्र या वार्ता मुख्यतः तोंडोतोंडी पसरत होत्या. वृत्तपत्रे मोकळेपणी लिहू शकत नव्हती आणि सरकारी नभोवाणी सरकारचीच बाजू सांगत होती. जिल्ह्यातील घटनेची माहिती जिल्ह्यातीलच लोकांना अधिकृत मार्गाने मिळू नये, अशी ही परिस्थिती होती.

४२.३४ मीटर :

या पार्श्वभूमीवर २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी ही या कार्यातील प्रमुख नावे होत. डॉ. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन या गटास लाभले. यंत्राच्या जुळणीत नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी प्रक्षेपकाचा वाटा होता, तर शिकागो रेडिओ या ध्वनिक्षेपक-व्यवसायातील नानक मोटवानी यांनी साहित्याचे साहाय्य केले.

प्रत्येक प्रक्षेपणाच्या आरंभी दोन गोष्टी सांगितल्या जात : केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत आहे आणि ते भारतात कुठेतरी आहे. या निवेदनाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. सरकारी केंद्र आपले गाव आणि आपली लहर दोन्ही जाहीर करी. गुप्त केंद्राला गाव लपवावे लागे. परंतु लहर लपवणे त्याला परवडणारे नव्हते. लहर लपविली तर श्रोता येणार नाही आणि ती जाहीर केली तर पोलीसही येतील, असा हा पेच होता. काँग्रेस रेडिओने हा धोका पत्करून आकडा उघड ठेवला.

हा आकडा कोणत्या पट्ट्यात पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७,०८५ किलोहर्ट्झ. ही लहर हौशी प्रक्षेपकांच्या चाळीस मीटर पट्ट्यात मोडते. यंत्राच्या जुळणीमागे हौशी प्रक्षेपकाचा हात होता, त्याच्याशी हे सुसंगत आहे. दुसरे असे की, नभोवाणी केंद्रांचा ४१ मीटरचा पट्टा याला लागूनच आहे. लघुलहरींची सोय असलेल्या साध्या घरगुती संचावर काटा किंचित सरकवला की ४२.३४ मीटर गाठता येई, त्यासाठी वेगळ्या उपकरणाची गरज नव्हती. या पट्ट्यातील लहरी सायंकाळनंतर शेकडो किलोमीटरपर्यंत पोहोचतात. पुढे केंद्राचे मुख्य प्रक्षेपण सायंकाळीच होऊ लागले, हे या दृष्टीने अनुकूल होते.

बातम्या मिळविण्याची पद्धतही उल्लेखनीय होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून खास दूत मुंबईस येत आणि काँग्रेसच्या भूमिगत कार्यालयाकडूनही माहिती पुरविली जाई. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि बलियातील घडामोडी यांच्या जोडीला आष्टी व चिमूर येथील अत्याचारांची सविस्तर हकिकतही या केंद्राने दिली, असे उषा मेहता यांनी पुढे नमूद केले आहे. म्हणजे आष्टीची वार्ता प्रथम माणसाच्या पायांनी मुंबईस गेली आणि नंतर ४२.३४ मीटरवरून देशभर निघाली. ज्या गावाला स्वतःचे वृत्तपत्र नव्हते आणि ज्याच्या प्रांतात नभोवाणी केंद्र नव्हते, त्या गावाला काही काळ एक लहर लाभली.

दुसरा श्रोता :

या प्रक्षेपणाला नियमित ऐकणारा आणखी एक श्रोता होता, तो म्हणजे पोलीस खाते. गुप्त प्रक्षेपकाचा शोध घेण्याची रीत सर्वत्र सारखीच असते. दिशा दाखविणाऱ्या आकाशतारेने एका जागेवरून लहरीची दिशा घ्यावयाची, दुसऱ्या जागेवरून पुन्हा घ्यावयाची आणि दोन रेषा जेथे छेदतात तेथे यंत्र शोधावयाचे. एकाच जागी दीर्घकाळ राहणारे केंद्र त्यामुळे सापडतेच. हे ओळखून काँग्रेस रेडिओने आपली जागा वारंवार बदलली. चौपाटीवरील सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, गिरगावातील पारेखवाडी अशी स्थलांतरे करीत हे केंद्र अखेरीस महालक्ष्मीजवळील पॅराडाइज बंगल्यात आले. गाव तेच राहिले, लहरही तीच राहिली, पत्ता मात्र फिरता राहिला.

अखेर हे केंद्र सापडले ते मुख्यतः यंत्रामुळे नव्हे, माणसामुळे. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि १२ नोव्हेंबर १९४२ च्या सायंकाळी त्याच्या माहितीवरून पोलीस पॅराडाइज बंगल्यात शिरले. तेथे उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करीत होते. ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका चालू होती. ती बंद करण्याचा पोलिसांचा हुकूम त्यांनी मानला नाही. मे १९४३ मध्ये खटल्याचा निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी निर्दोष सुटले.

या प्रकरणाचा इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यापुढे आहे. केंद्र सापडेपर्यंत पोलीस यंत्रणा ही प्रक्षेपणे ऐकून त्यांचे उतारे लिहून ठेवीत होती. पुरावा म्हणून तयार झालेले हे कागद पुढे अभिलेखागारात राहिले आणि त्यांच्या आधारे डॉ. उषा ठक्कर यांचा काँग्रेस रेडिओवरील इंग्रजी ग्रंथ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या श्रोत्याने हा आवाज बंद पाडण्यासाठी ऐकला, त्याच्याच दप्तरात तो जतन झाला. सहानुभूतीने ऐकणाऱ्या हजारोंनी मात्र सुरक्षिततेसाठी काहीही लिहून ठेवले नसणार, हे त्या काळच्या परिस्थितीत स्वाभाविकच होते.

भन्साळींचे उपोषण :

लहर बंद झाली तरी बातमीबंदीचा प्रश्न संपला नाही. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चिमूर येथील अत्याचारांची चौकशी व्हावी, या मागणीसाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभिले. ते ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. सरकारने या उपोषणाच्या वृत्तांवरही बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंकच काढले नाहीत. काँग्रेस रेडिओने निषिद्ध वार्ता उच्चारून जे साधले, तेच वृत्तपत्रांनी एक दिवस मौन पाळून साधण्याचा प्रयत्न केला. दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी आष्टी-चिमूरची वार्ता होती, ही गोष्ट वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात नोंदवली जाणे आवश्यक आहे.

स्वातंत्र्योत्तर स्थिती :

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि वर्धेकरांस प्रथमच जवळचे म्हणावे असे केंद्र मिळाले. मात्र परवान्याची चौकट दीर्घकाळ तशीच राहिली. घरगुती संचासाठी टपाल कचेरीत शुल्क भरण्याची पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालू होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाच्या निर्णयात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. पुढे संसदेने संमत केलेल्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांच्या निरसनाची तरतूद झाली. परंतु पोलीस, सैन्य, रेल्वे यांच्या संदेशवहनाच्या लहरी शोधून ऐकणारे संच परवान्याविना बाळगण्यास मोकळीक नाही. सार्वजनिक मालमत्ता असलेल्या लहरींपैकी कोणत्या लहरींवरील श्रवण सर्वांना खुले असावे आणि सुरक्षिततेसाठी कोणत्या बंद असाव्यात, ही सीमारेषा आखण्याचे काम कायद्याकडेच आहे. ती रेषा कोणाच्या हितासाठी आखली जाते, हा १९४२ चा प्रश्न त्यामुळे कालबाह्य ठरत नाही.

निष्कर्ष :

१. लहरीचा आकडा ही निव्वळ तांत्रिक माहिती नसून ती सत्ता आणि श्रोता यांच्यातील संबंधांची निदर्शक आहे. सरकारी नभोवाणीने आकडा छापून दिला, तर काँग्रेस रेडिओने गाव लपवून आकडा जाहीर केला.

२. काँग्रेस रेडिओचा इतिहास हा केवळ मुंबईचा इतिहास नव्हे. त्याच्या बातम्यांची मुळे आष्टीसारख्या दूरच्या गावांत होती. त्यामुळे जिल्ह्याच्या इतिहासातही त्याला स्थान मिळावयास हवे.

३. या प्रक्षेपणांचे उपलब्ध लेखी साधन मुख्यतः पोलिसांनी निर्माण केलेले आहे. ते वापरताना अभ्यासकाने ऐकणाऱ्याचा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. हे उतारे आणि आष्टी परिसरातील कौटुंबिक कागदपत्रे, न्यायालयीन दप्तर व मौखिक स्मृती यांचे एकत्रित वाचन होणे अगत्याचे आहे. १९४२ पाहिलेली पिढी जवळजवळ संपली असल्याने जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

४. काँग्रेस रेडिओ जप्त झाल्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी बोलले. हा दिवस पुढे लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्याच तारखेला बंद पडलेल्या ४२.३४ मीटरच्या केंद्राचे आणि त्याने देशाला ऐकविलेल्या आष्टीचे स्मरण त्या दिवशी वर्धा जिल्ह्यात तरी व्हावे, हे उचित ठरेल.