कासाचा तक्ता

गेल्या महिन्यात नातीला लस टोचायची म्हणून लेकीबरोबर डोंबिवलीला गेलो होतो. नर्सबाईंनी बाळाला काट्यावर ठेवले, आकडा वाचला, कार्डावर एक ठिपका दिला आणि तो मागच्या ठिपक्याला जोडला. ती चढती रेघ पाहताना मला कासा आठवले.

कासा हे डहाणू तालुक्यातले गाव. आज ते पालघर जिल्ह्यात मोडते, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे ही आपल्या कल्याण-डोंबिवलीकरांच्याच जिल्ह्याची गोष्ट, आणि आपल्यालाच ती फारशी ठाऊक नाही.

१९७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शहा यांनी कासाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात एक प्रयोग मांडला. भोवती वारल्यांचे पाडे. सकाळी मजुरीला जाणारी आई मूल अगदी गळून गेल्याशिवाय दवाखान्याची वाट धरणार कशी? तेव्हा गावातल्याच बायकांना अर्धवेळ कामावर घेऊन शिकवण्यात आले. त्या पाच वर्षांखालच्या मुलांची वजने घेत आणि तक्त्यावर मांडत. ज्याचे वजन फार कमी, किंवा महिनोन् महिने जिथल्या तिथे, ते मूल ‘धोक्यातले’ समजून त्याच्याकडे आधी लक्ष द्यायचे. १९७६ मध्ये युनिसेफच्या नियतकालिकातून कासाची ही हकीकत जगभर गेली.

तक्त्याची कल्पना आफ्रिकेतून आलेली. नायजेरियातल्या इमेसी-इले या खेड्यात डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस असे कार्ड वापरात आणले आणि ते दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिले. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. एका वजनावरून काही कळत नाही; दोन वजनांवरून मूल कुठे निघाले आहे ते कळते. आणि ते सर्वांत आधी कळायला हवे आईला.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी लेक दीड वर्षाची होती तेव्हा आम्ही कल्याणला राहत होतो. सहा महिन्यांत खोकला, जुलाब, पुन्हा खोकला. तीन डॉक्टर झाले. प्रत्येकाने औषध दिले, प्रत्येक वेळी ताप उतरला, मी प्रत्येकाचे आभार मानले. एकानेही तिचे वजन केले नाही. मीही विचारले नाही. शिकलेला माणूस, बी.ए. झालेला! तिन्ही दवाखान्यांचे कागद एकाच पिशवीत होते, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. शेवटी माझी फूफी घरी आली. पोरीचा हात हातात घेऊन म्हणाली, “अरे, हिची मनगटी सैल झालीये.” ईदला घातलेली काळ्या मण्यांची मनगटी कोपरापर्यंत सरकत होती.

पुढे कळले की फूफीने केले ते शास्त्रच होते. अंगणवाडीत आज दंडाला पट्टी लावून पाहतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण.

गंमत पाहा, कासाला डॉक्टर दुर्मिळ होते म्हणून तक्ता आला. आमच्या शहरांत गल्लीगल्लीत डॉक्टर, आणि तक्ता मात्र हरवलेला. मुंब्रा, दिवा, भिवंडीकडची भाडेकरू कुटुंबे दर अकरा महिन्यांनी खोली बदलतात. नव्या वस्तीत त्या बाळाची कुठली लस राहिली हे कोणाला ठाऊक असणार? २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला आणि आपल्याकडे भिवंडीला गोवर उसळला, तेव्हा घरोघर फिरून लस न मिळालेली मुले शोधावी लागली. कासाच्या त्या अर्धवेळ बायकांना आपल्या गावातली मुले अशी शोधावी लागली नसती.

नातीचे कार्ड लेकीने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे. पुढचा ठिपका येत्या महिन्यात. या वेळी काट्यावरचा आकडा मी स्वतः वाचणार आहे.