पंपावरचे नाव, समभागावरचे नाव

परभणी जिल्ह्यातील एखाद्या तरुणाने ‘शेल’ या बहुराष्ट्रीय तेलकंपनीच्या समभागांचा अभ्यास आरंभला, तर मुंबईच्या शेअर बाजारात ती त्याला सापडणार नाही. तिची मुख्य नोंदणी लंडनची. तिचा जुना भारतीय संसार मात्र भारत पेट्रोलियमच्या पंपांवर आजही नांदतो आहे.

१९२८ साली बर्मा ऑइल आणि शेल यांनी भारतातील विक्रीसाठी ‘बर्मा-शेल’ उभारली. १९५५ मध्ये मुंबईत माहुल येथे तिचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती! १९७६ मध्ये सरकारने हा सारा कारभार ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी ‘भारत पेट्रोलियम’ हे नाव आले.

मूळ शेलची मालकी १९०७ पासून डच आणि ब्रिटिश अशा दोन कंपन्यांत ६०:४० विभागलेली होती. आणि तेलाच्या समभागाचे मोल केवळ नफ्यात नसते, तर जमिनीखालच्या साठ्यातही असते. जानेवारी २००४ मध्ये शेलने आपले सिद्ध साठे एकदम सुमारे २० टक्क्यांनी घटवले. समभाग घसरले, मार्चमध्ये अध्यक्ष फिलिप वॉट्स पायउतार झाले. दोन धन्यांचा तो जुना संसारही २००५ मध्ये एका कंपनीत विलीन झाला.