राब, राख आणि कोळसा

काडीकचरा मोजक्या हवेत जाळून त्याचा कोळसा करावयाचा व तो मातीत मिसळावयाचा, या पद्धतीस अलीकडे 'जैवकोळसा' हे नाव मिळाले आहे. कोकणातील राब म्हणजे हीच पद्धती होय, असे म्हणण्याचा मोह सहज होतो. हे समीकरण कितपत टिकते, ते प्रथम शब्दांवरून पाहू.

भाताच्या वा नाचणीच्या रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण, टहाळे, पाला व गवत यांचे थर रचून पावसाळ्यापूर्वी ते पेटवितात. रचलेल्या द्रव्यास व त्या जागेसही 'राब' म्हणतात. येथे क्रियापद मात्र 'जाळणे' एवढेच नाही. 'राब भाजणे', 'जमीन भाजणे', 'भाजवळ' असे प्रयोग रूढ आहेत. भाजली जाते ती भूमी. पाला हे केवळ साधन. या शब्दसमूहात राख आहे, उष्णता आहे. कोळसा साध्य म्हणून कोठेच येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द सरकारी दप्तरात शिरला तो तंट्याच्या रूपाने. १८७८ च्या वनकायद्यानंतर टहाळे तोडण्यावर निर्बंध आले. वनखात्याला त्यात जंगलाचा नाश दिसे. शेतकऱ्याला राबावाचून रोपच नव्हते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारने आयोग नेमला. पुढे १९१२ साली हॅरॉल्ड मान, न. वि. जोशी व न. वि. कानिटकर यांनी राबाची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. मातीला बसणारी आच हीदेखील सुपीकतेचे एक कारण असते, हे मृदाशास्त्राने मान्य केले आहे. 'भाजणे' या क्रियापदात ते ज्ञान आधीच साठविलेले होते.

कोळशाचे खरे प्राचीन उदाहरण ॲमेझॉनच्या खोऱ्यात सापडते. 'तेरा प्रेता' म्हणजे काळी माती या नावाने ओळखली जाणारी तेथील जमीन मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडे, खापरे व उकिरड्याचे द्रव्य यांपासून घडविली. राख पावसाने धुऊन जाते. कोळशातील कार्बन मात्र शतकानुशतके टिकतो. राबाचा गुण एका हंगामाचा, कोळशाचा अनेक पिढ्यांचा, हा भेद मूलभूत आहे.

या भेदास आज व्यावहारिक महत्त्व आले आहे. वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी पऱ्हाट्या व तुराट्या विपुल निघतात. त्या शेतात पेटवून देणे म्हणजे कोळसा करणे नव्हे. शिवाय कोकणची जांभी माती आम्लधर्मी असल्याने तिला राख व कोळसा या दोहोंचा अल्कधर्म मानवतो. वऱ्हाडची काळी माती बहुधा स्वभावतःच अल्कधर्मी व ओल धरणारी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक तुलनेत जैवकोळशाने उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पण त्याचे श्रेय मुख्यतः तेथील आम्लधर्मी, निकस जमिनींना दिले गेले. तो आकडा केनवडच्या शिवाराला जसाच्या तसा लावता येणार नाही.

तात्पर्य, राबाला जैवकोळशाचा पूर्वज ठरविल्याने परंपरेचा गौरव होत नाही. तिचे खरे ज्ञान मात्र झाकले जाते. वनखात्याने राबाची पारख न करता त्यास दोष दिला; आपण पारख न करता त्याची थोरवी गाऊ नये. केनवडच्या मातीचा निर्णय केनवडच्या वावरातील प्रयोगानेच व्हावा.