संगणकाचे वॉटर कूलिंग : घरी कस्टम लूप कसा बांधतात?

संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता फिरत्या पाण्याने काढून घेण्याच्या पद्धतीला वॉटर कूलिंग म्हणतात. याचा सोपा प्रकार म्हणजे कारखान्यातून सीलबंद होऊन येणारा ‘एआयओ’ किंवा ऑल-इन-वन कूलर. तो स्क्रूने बसवला की काम संपते. पंप, रेडिएटर, टाकी, नळ्या असा एकेक भाग स्वतः निवडून, जोडून आणि त्यात पाणी भरून जी यंत्रणा उभी करतात, तिला कस्टम लूप म्हणतात.

लाखभर रुपयांच्या यंत्राच्या पोटातून पाणी फिरवायचे म्हटल्यावर कोणीही दचकेल. गळतीची धास्ती सगळ्यांनाच असते. चुकीचा धातू, चुकीचे पाणी आणि चुकीची नळी यांच्याकडे मात्र दुर्लक्ष होते. हे नुकसान आवाज न करता महिनोन्महिने चालू राहते आणि लक्षात येते तेव्हा महागडा ब्लॉक चोंदलेला असतो.

पाणी नेमके काय करते?

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.१८ ज्यूल उष्णता लागते, एक ग्रॅम हवेला साधारण १ ज्यूल. पण हवा अतिशय विरळ असते. म्हणून सारख्या आकारमानाची तुलना केली, तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. मोठ्या संगणकांत ही युक्ती जुनीच आहे. आयबीएमने १९६०च्या दशकापासून आपल्या काही मेनफ्रेम यंत्रांत पाणी वापरले, २००४ मध्ये ॲपलच्या पॉवर मॅक जी५च्या एका मॉडेलमध्येही द्रवाने थंड होणारे प्रोसेसर होते आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त दुसरीकडे नेते. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या वॉटर ब्लॉकमध्ये केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून जाताना पाणी उष्णता घेते आणि रेडिएटरमध्ये पोचल्यावर ती पंख्यांच्या हवेला देते. शेवटी सगळी उष्णता खोलीतच येते. त्यामुळे लूपमधले पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जात नाही. माठातले पाणी खोलीपेक्षा गार होते ते बाष्पीभवनामुळे. लूप बंदिस्त असल्याने त्यात तसे काही घडत नाही. याचा एक फायदाही आहे. मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेत थंड बाटलीवर जसे थेंब जमतात, तसे या नळ्यांवर जमत नाहीत, कारण त्या भोवतालच्या हवेपेक्षा नेहमी थोड्या गरमच असतात.

रेडिएटर किती मोठा हवा?

एक ठोस उदाहरण घेऊ. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर पूर्ण ताणाखाली २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. दोन्ही एकदम राबले तर ६८० वॅट. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा हा दोन तृतीयांश भाग झाला, आणि ती इस्त्री टेबलाखाली तासन्तास चालू आहे.

हौशी मंडळींचा कामचलाऊ ठोकताळा असा की दर १०० वॅटमागे १२० मिमीच्या एका पंख्याइतका रेडिएटर धरावा. या हिशेबाने ६८० वॅटला ३६० मिमीचे दोन रेडिएटर म्हणजे सहा पंखे किमान लागतात. एवढे असले तर पाणी खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंश गरम राहते आणि पंखे मंद गतीने फिरवता येतात. एकच ३६०चा लावूनही काम चालते, पण मग पंखे जोरात फिरवावे लागतात. लूप बांधण्याचे निम्मे कारण शांतता हेच असते, त्यामुळे ही काटकसर फारशी शहाणपणाची नाही. शिवाय दोन जाड रेडिएटर मावतील एवढे कॅबिनेट आहे का, हे सामान मागवण्याआधी टेप घेऊन मोजावे.

आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, यावर बराच वाद घातला जातो. मिनिटाला तीन लिटर पाणी वाहत असेल, तर ६८० वॅट उष्णतेने एका फेरीत ते जेमतेम सव्वातीन अंश तापते. म्हणजे क्रमाने पडणारा फरक किरकोळ. नळ्या ज्या मार्गाने सरळ आणि कमी लांबीच्या बसतील तो मार्ग घ्यावा. पाळायचा नियम एकच, टाकीचे तोंड थेट पंपाकडे आणि टाकी पंपापेक्षा उंच. या पंपांच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच लागते, ते कोरडे फिरले की लवकर खराब होतात.

प्रोसेसरच्या तापमानात मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. आजच्या चिपमध्ये खरी अडचण चिप आणि तिच्यावरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये असते. तिथून उष्णता बाहेरच पडली नाही, तर पुढे कितीही पाणी असून उपयोग नाही. चांगल्या ३६० मिमीच्या एआयओच्या तुलनेत येथे काही अंशांचाच फायदा होतो. नुसता प्रोसेसर थंड करायचा असेल तर कस्टम लूपचा खर्च आणि खटाटोप परवडत नाही. ग्राफिक्स कार्डात चिपवर झाकण नसते, ब्लॉक थेट तिच्यावर टेकतो. खरा फरक दिसतो तो इथे.

उन्हाळ्याचा हिशेब

परदेशी मार्गदर्शकांत खोलीचे तापमान २० ते २५ अंश गृहीत धरलेले असते. विदर्भात मे महिन्यात एसी नसलेली खोली ४० अंशांवर असेल, तर पाणी ५० ते ५५ अंशांवर जाईल. लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपासाठी पाण्याची कमाल मर्यादा ६० अंश आहे. पेटजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या साधारण ८० अंशांना नरम होतात, पण ६०च्या आसपासच त्या जोडाच्या ठिकाणी किंचित दबून आकार सोडू शकतात. म्हणून आपल्याकडे कडक नळ्याच हव्या असतील तर ॲक्रिलिकच्या घ्याव्यात. ते कापताना तडकते आणि वाकवायला सवय लागते, पण उष्णता जास्त सोसते. पहिलाच लूप असेल तर ईपीडीएम रबराची काळी मऊ नळी सर्वांत बिनधोक. दिसायला ती बागेतल्या पाइपसारखी दिसते हे खरे. पारदर्शक मऊ पीव्हीसी नळी देखणी असते, मात्र तिच्यातला नरमपणा देणारा पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या खाचांत चिकट थर होऊन बसतो.

तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र नको

या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असतील तर त्यांची एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. आधी पांढुरकी भुकटी दिसते, ती ब्लॉकमध्ये अडकते आणि पुढे रेडिएटरला सुईएवढी भोके पडतात. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेले तांबे एकत्र चालतात. संपूर्ण लूप ॲल्युमिनियमचा असेल तर तोही चालतो. मिसळ नको. स्वस्त रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, त्यामुळे विकत घेताना ‘आतला धातू कोणता’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. सुरुवातीच्या काळातले हौशी लोक जुन्या मोटारींचे हीटर कोअर वापरत, ते तांबे-पितळेचे असत. आजच्या गाड्यांत बहुतेक ॲल्युमिनियम असते, म्हणून गॅरेजमधून आणलेला भाग आता कामाचा नाही.

सीलबंद एआयओमध्ये अनेकदा तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र असतात, मग तिथे का चालते? त्यात गंजरोधक मिसळलेला द्रव कारखान्यातच भरलेला असतो, हवा आत शिरत नाही आणि काही वर्षांनी पूर्ण कूलरच बदलायचा असतो.

नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी लूपमध्ये घालू नये, त्यातले क्षार खाचांत साचतात. आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते, त्यात थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळनाशक घालावे किंवा तयार पारदर्शक कूलंट घ्यावे. दुधासारखे दाट रंगीत द्रव फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांतले बारीक कण तळाशी बसून ब्लॉक चोंदतात. शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असते म्हणून गळले तरी चालेल, असाही एक समज आहे. लूपमध्ये फिरून त्यात धातूंचे आयन मिसळले की ते तसे राहत नाही.

जोडणी आणि गळतीची चाचणी

पाणी भरण्याआधी संगणक साध्या कूलरवर चालवून सगळे भाग नीट असल्याची खात्री करावी. ग्राफिक्स कार्डाचा मूळ हीटसिंक काढल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. नवा रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा हलवून धुवावा, आत डाग दिल्याचे अवशेष उरलेले असतात. कार्डावर ब्लॉक बसवताना थर्मल पॅडची जाडी पुस्तिकेत दिली आहे तीच हवी. जाड पॅड लावला तर ब्लॉक चिपवर टेकतच नाही.

फिटिंगचे आटे जी १/४ मापाचे असतात. पाणी अडवते ती रबराची ओ-रिंग, आटे नव्हे. म्हणून प्लंबरसारखी टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते आणि पान्याने आवळण्याचीही नाही. हाताने घट्ट झाले की थांबावे. जोर लावला तर ॲक्रिलिकला तडा जातो. लूपच्या सर्वांत खालच्या जागी एक टी-जोड आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह आत्ताच बसवावा. तो नसेल तर पुढे पाणी काढताना कॅबिनेट उलटे धरावे लागते.

भरताना फक्त पंपाला वीज द्यायची. एसएमपीएसच्या केबल मदरबोर्ड आणि कार्डापासून काढून ठेवाव्यात आणि २४ पिनच्या कनेक्टरवर जंपर लावावा. हा जंपर पीएस-ऑन ही पिन, म्हणजे जुन्या एसएमपीएसमधली हिरवी तार, काळ्या तारेला जोडतो, त्यामुळे मदरबोर्डाशिवाय एसएमपीएस सुरू होतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवावा, त्यावर थेंबभर ओलही लगेच दिसते. टाकी भरायची, पंप काही सेकंद चालवायचा, पातळी उतरली की बंद करून पुन्हा भरायचे. अडकलेली हवा काढण्यासाठी कॅबिनेट हळूच चहूबाजूंनी कलते करावे. त्यानंतर पंप रात्रभर फिरू द्यावा. हवेच्या दाबाचा छोटा परीक्षक मिळाला तर पाणी भरण्याआधीच गळती कळते.

टिश्यू ओला दिसला, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करायचे. त्या वेळी मदरबोर्डात वीज नसेल तर पाणी पडूनही तो बहुधा वाचतो. पुसून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा जोडावा. चालू संगणकात गळती झाली तर ही सवलत मिळत नाही.

पंख्यांची गती प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर ठेवावी. त्यासाठी लूपमध्ये एक सेन्सर बसतो. लिटरभर पाणी ४०० वॅटने तापायला अंशामागे दहा सेकंद घेते, त्यामुळे प्रोसेसरच्या क्षणिक उसळीला पंखे घोंगावत नाहीत. रेडिएटरवरची धूळ दर दोन-तीन महिन्यांनी झटकावी. कूलंट वर्षातून एकदा, किंवा बाटलीवर लिहिलेल्या मुदतीप्रमाणे बदलावे. काढलेले पाणी पांढऱ्या वाटीत ओतून पाहावे. हिरवट झाक दिसली तर शेवाळ किंवा तांब्याची झीज, पांढरा गाळ दिसला तर कुठेतरी ॲल्युमिनियम आहे, असे समजून ब्लॉक उघडावा.