विवरवाहक बहुवारिके : एका अभावाचा इतिहास

सोलापूरच्या बाजारातील कित्येक मोबाइलांचे ओलेड पडदे उजळतात, त्यामागे एका अभावाचे कार्य आहे. इलेक्ट्रॉन गेल्यावर रेणूत उरणारी रिक्त जागा म्हणजे विवर. पाणिनीच्या व्याकरणात लोप पावलेला प्रत्ययही कार्य करतो, तसेच हे होय. विवर व इलेक्ट्रॉन यांच्या मीलनातून प्रकाश प्रकटतो.

विवरे वाहून नेणारे पॉलिव्हिनिलकार्बाझोल हे बहुवारिक १९७० मध्ये छायाप्रतियंत्रात आले. त्याच्याच पटलातून ब्रिटनमधील रॉजर पार्ट्रिज यांनी प्रकाश मिळविला. १९७५ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला, निबंध मात्र १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग व व्हॅनस्लाइक यांनी लहान रेणूंचा स्वतंत्र विवरवाहक थर योजून १० व्होल्टांहून कमी दाबावर तेजस्वी प्रकाश मिळविला. आरंभाचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. इतिहासातील पार्ट्रिज यांची रिक्त जागाही भरली पाहिजे.